हिरडा, झेंडू, कांद्याची साल: गावात नैसर्गिक रंगाईचा लहान धंदा कसा उभा करावा

नैसर्गिक रंगाईचा धंदा सुरू करणारे बहुतेक जण सगळ्यात आधी नीळ आणि मंजिष्ठा मागवतात. निळा आणि लाल हे दोन्ही रंग प्रदर्शनात हातोहात जातात, हे खरंच आहे. पण नीळ तमिळनाडूतून येते आणि बाजारातली बहुतांश मंजिष्ठा जंगलात मुळं खणून काढलेली असते. म्हणजे कच्चा माल दूरचा, त्याचा भाव दुसऱ्याच्या हातात, आणि आपल्या आसपासच्या माणसांना या धंद्यातून मिळणार काय, तर पातेली घासायचं काम. याच्या उलट दिशेने सुरुवात करावी असं माझं मत आहे. गावच्या परिसरात वर्षभरात काय पडतं, काय फेकलं जातं, काय वेचलं जातं ते आधी पाहायचं, त्यातून रंग ठरवायचे आणि गिऱ्हाईक त्या रंगांना शोधायचं.

हा लेख दोन-तीन माणसांच्या, एका वेळी पाच किलो सुती कापड रंगवणाऱ्या धंद्यासाठी आहे. अशा एका वेळच्या रंगाईला पुढे ‘घाणा’ म्हटलं आहे. उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातला जुन्नर-आंबेगाव हा पट्टा धरला आहे. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरातला हिरडा, पूर्वेला कांद्याच्या चाळी आणि झेंडूचे मळे, आणि माल विकायला पुणे जवळ. तुमच्या भागात झाडं वेगळी असतील, हिशेब हाच राहील.

आधी वर्षभराची यादी करा

एक वही घ्या, मराठी महिने लिहा आणि प्रत्येकासमोर काय मिळतं ते टिपत जा. झेंडू दसऱ्याला सोन्याच्या भावाने जातो आणि दिवाळी उलटली की शेतकरी तो बांधावर टाकून देतो. तो टाकायच्या आधी त्याला गाठायचं. देवळातलं निर्माल्य वर्षभर असतं, पण त्यात गुलाल, कुंकू, प्लास्टिकचे दोरे येतात. म्हणून पुजाऱ्याशी बोलून झेंडूसाठी वेगळी टोपली ठेवून घ्या. कांद्याची साल चाळीत निवडणी चालू असताना पोत्यांनी निघते. डाळिंबाची साल रसवाल्याकडे मिळते. तिच्यावर पाणी पडू न देता रोजच्या रोज उचलली तरच ती उपयोगाची, नाहीतर दुसऱ्या दिवशी बुरशी.

झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवा. सुकल्यावर ताज्या वजनाचा आठवा-दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे ‘पोतंभर फुलं मिळाली’ म्हणून हुरळून जायचं कारण नाही. डाळिंबाची साल कडक उन्हात खडखडीत वाळवून पत्र्याच्या डब्यात भरायची. गोणीत ठेवली तर पावसाळ्यात हाताला लागणार नाही.

यादी करताना एक नियम कडक पाळा: पान, फूल, फळ आणि कचऱ्यात जाणारी साल चालेल, जिवंत झाडाची साल आणि मूळ नाही. बाभूळ सुंदर बदामी रंग देते, पण ती वाऱ्याने पडलेल्या किंवा तोडून झालेल्या झाडाचीच घ्यावी. खोडाची साल गोलाकार सोलली की झाड मरतं, आणि पुढच्या वर्षी तुमचा रंगही गेला.

काही नावं यादीतून लगेच खोडून टाका. हळद पहिल्या उन्हात उडते. बिटाचा रंग सुती कापडावर बसतच नाही, नुसता लागतो. जांभळाचा जांभळा दोन धुण्यांत मळकट होतो. इंटरनेटवर या सगळ्यांचे चकचकीत फोटो दिसतात, ते पातेल्यातून काढल्या काढल्या घेतलेले असतात. पळसाबद्दल मात्र जीव तुटतो. फाल्गुनात अख्खा माळ पेटलेला दिसतो, फुलं जमिनीवर पडलेली असतात, आणि सुती कापडावर त्याचा केशरी उन्हात टिकत नाही. रेशमावर तो जरा बरा बसतो. पळस धुळवडीच्या रंगासाठी वाळवून विका. दुपट्ट्यासाठी नको.

मग उरतं काय? डाळिंब, झेंडू, कांदा, बाभूळ आणि या सगळ्यांच्या पायाशी हिरडा. लोखंडाची जोड दिली की यातून पिवळा, मोहरी, सोनेरी तांबूस, बदामी, शेवाळी, मेंदी-हिरवा, राखाडी आणि काळा निघतो. पहिल्या दोन वर्षांसाठी हे पुष्कळ झालं.

हिरडा कुणाकडून घ्यायचा

सुती धाग्याला रंग सहजासहजी धरत नाही. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) धाग्याला चिकटतं, त्या टॅनिनला तुरटी धरते आणि तुरटीला रंग. ही साखळी हिरड्यापासून सुरू होते, म्हणून तो चांगला हवा.

काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा मिळतो. पण भीमाशंकरच्या पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तो गोळा करत आली आहेत आणि व्यापारी तो कवडीमोलाने उचलतात. केंद्राच्या गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलात मिळणारा माल) हमीभाव योजनेत हिरडा आहे. खरेदी करताना तो हमीभाव विचारून घ्या आणि त्याच्या खाली जाऊ नका. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गोळा करणाऱ्यांना आणि त्यांच्या ग्रामसभांना दिली आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर राज्यात अनेक ग्रामसभा स्वतः माल विकू लागल्या. तुमच्या भागातल्या गावाकडे असा हक्क असेल तर व्यवहार ग्रामसभेशीच करा आणि पावती घ्या.

आता आकड्यांकडे पाहू. कापडाच्या वजनाच्या २० टक्के हिरडा लागतो, म्हणजे पाच किलोच्या एका घाण्याला एक किलो. आठवड्याला एक घाणा धरला तर वर्षाला जेमतेम पन्नास किलो. एवढ्याशा खरेदीने कुणाचं घर चालणार नाही, तेव्हा ‘आम्ही आदिवासींना रोजगार देतो’ असं पाटीवर लिहिण्याआधी थांबा. करता येण्यासारखं एक काम आहे. रंगाला फळाचा गर लागतो, आठळी नाही. फोडून, आठळी काढून, वाळवून कांडलेला हिरडा त्याच पाड्यातल्या बचत गटाकडून घ्या आणि त्याला अख्ख्या फळापेक्षा चांगला भाव द्या. कांडायची मजुरी पाड्यात राहते आणि तुमचा एक दिवस वाचतो. अजून एखाद-दोन रंगारी जोडीला आले तर मागणी एकत्र नोंदवा, म्हणजे गटालाही ते काम धरून ठेवण्यात अर्थ वाटेल.

पाण्याची परीक्षा

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तुमचा प्रत्येक पिवळा मळका येईल आणि कारण शेवटपर्यंत कळणार नाही. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, चिमूटभर हिरड्याची पूड टाका आणि तासाभराने बघा. पाणी निळसर-काळपट झालं तर त्यात लोह आहे. अशा ठिकाणी छतावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून निदान तुरटीच्या आणि रंगाच्या पायरीला तरी वापरा.

पाणी लागतं भरपूर, हेही सांगितलं पाहिजे. एक किलो कापडाला प्रत्येक पायरीवर साधारण २० लिटर लागतं. धुलाई, हिरडा, तुरटी, रंग आणि मधली खळबळणी मिळून किलोमागे शंभर लिटरच्या वर जातं. पाच किलोचा घाणा म्हणजे पाचशे लिटर. ज्या गावात मार्चपासून टँकर येतो तिथे एप्रिल-मेमध्ये रंगाई करू नये, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. तेव्हा शिलाई, गोंडे आणि हिशेब करा.

घाणा: पायरी पायरीने

भांडी स्टीलची घ्या, शंभर-सव्वाशे लिटरची दोन. ॲल्युमिनियमचं पातेलं स्वस्त मिळतं, पण सोड्यात ते झिजतं आणि रंग बिघडवतं. लोखंडाची कढई फक्त काळ्या-राखाडीसाठी आणि तिचा ढवळायचा दांडाही वेगळा. तराजू, थर्मामीटर आणि हातमोजे यांच्यावर पैसे वाचवू नका. सगळी टक्केवारी कोरड्या कापडाच्या वजनावर काढायची असते, म्हणून पहिलं काम वजन.

खळ काढणं. मागावरून आलेल्या मांजरपाटाला किंवा मलमलीला खळ आणि तेल असतं. पाच किलो कापडाला १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि ५० ग्रॅम साधा साबण घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं तपकिरी निघेल, ते निघायलाच हवं. स्वच्छ धुऊन वाळवा. वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब तसाच बसून राहिला तर पुन्हा उकळा. डागाडागांनी रंगलेल्या कापडाचं कारण बहुतेक वेळा या पायरीत सापडतं. नवखी माणसं मात्र रंगालाच दोष देतात.

हिरडा. एक किलो पूड रात्री कोमट पाण्यात भिजत घाला, सकाळी गाळून शंभर लिटर पाण्यात मिसळा. कापड त्यात दोन-तीन तास ठेवा, मधूनमधून हलवत राहा. नंतर पिळायचं आणि न धुता उन्हात पसरून वाळवायचं. दोरीवर दुमडून टाकलं तर घडीच्या रेषेवर पिवळा पट्टा उठतो, म्हणून सपाट पसरा आणि उलटत राहा. कापड पिवळट दिसेल.

तुरटी. साडेसातशे ग्रॅम तुरटी (१५ टक्के) गरम पाण्यात विरघळवा. १०० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडा थोडा घाला. फेस उसळतो, म्हणून भांडं अर्धंच भरलेलं असू द्या आणि फेस बसल्यावर बाकीचं पाणी घाला. कापड रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पिळा, एकदा हलकं खळबळा, वाळवा. जमल्यास दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. तुरटीचं उरलेलं पाणी फेकू नका: पुढच्या घाण्याला निम्मी तुरटी घालून तेच चालतं.

रंग. डाळिंबाची साल दीड किलो (३० टक्के) तासभर उकळून जाड कापडातून गाळा. गाळताना आळस केला की चोथ्याचे कण कापडावर ठिपके पाडतात. ओलं केलेलं कापड कोमट रंगात सोडा, अर्ध्या-पाऊण तासात आच ७०-८० अंशांपर्यंत न्या, तिथे तासभर ठेवा. या तासात पातेल्याजवळून उठायचं नाही, सतत वरखाली करायचं. मग आच बंद करून रात्रभर त्याच पाण्यात थंड होऊ द्या. झेंडूचं प्रमाण सुक्या पाकळ्यांचं ३०-४० टक्के, कांद्याच्या सालीचं ५० टक्क्यांच्या पुढे. सावलीत वाळवा आणि लगेच धुऊ नका, आठवडाभर थांबा. नंतर रिठ्याच्या पाण्यात धुऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा.

लोखंड. शेवाळी किंवा राखाडी हवा असेल तर रंगलेलं कापड हिराकसाच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवायचं. पाच किलोला १०० ग्रॅम (२ टक्के) पुरेसं. डाळिंबाचा मोहरी डोळ्यांदेखत शेवाळी होतो आणि बघायला आलेली मुलं हमखास ओरडतात. प्रमाण वाढवायचा मोह होईल, आवरा. जास्तीच्या लोहाने सुती कापड वर्षा-दोन वर्षांत कुजून फाटतं. हिराकस नको असेल तर गंजलेले खिळे आणि गूळ पाण्यात पंधरा-वीस दिवस आंबवून काढा करतात. छपाईच्या कामात तोच काळा म्हणून वापरतात.

मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि क्रोम (पोटॅशियम डायक्रोमेट) टाळा. त्यांनी रंग खुलतो आणि पक्काही होतो, हे मान्य. पण मोरचूद ओढ्यातल्या माशांना मारतं आणि पोटॅशियम डायक्रोमेट कर्करोगाला कारण होतं. झेंडूच्या फुलात क्रोम घालून ‘नैसर्गिक’ म्हणायचं असेल तर सरळ कारखान्याचा रंग वापरलेला बरा.

सांडपाण्याचं काय? तुरटीचं पाणी आंबट असतं, ते तसंच झाडाला घालू नये. त्यात विरलेला चुना थोडा थोडा घालत जा. लिटमस कागदाचा रंग लाल आणि निळ्याच्या मधे आला की थांबा, पाणी निवळू द्या आणि शोषखड्ड्यात सोडा. विहिरीपासून लांब. चोथा खताच्या खड्ड्यात जातो.

जळण हा या धंद्याचा लपलेला खर्च आहे. निसर्गाच्या नावाने विकलेल्या दुपट्ट्यामागे मोळीभर लाकूड जळत असेल तर बोलायला तोंड राहत नाही. हिरडा आणि तुरटीला उकळी लागतच नाही. काळ्या पिंपात उन्हात तापलेलं पाणी पुरतं. धूर ओढणारी सुधारित चूल बांधा, भांड्यावर झाकण ठेवा आणि शेतातल्या तुराट्या, पराट्या जाळा.

निळा पाहिजेच असेल तर

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आधीचे रंग हातात बसल्यावर. महाराष्ट्रात ‘निराळी’ नावाचा समाज निळीच्या रंगाईचं काम करत असे. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि वनस्पतीच्या निळीचा धंदा बसला.

नीळ पाण्यात विरघळत नाही, तिचं क्षपण करून, म्हणजे तिला विरघळणाऱ्या रूपात बदलून घ्यावं लागतं. त्यासाठी एक भाग नीळ, दोन भाग चुना आणि तीन भाग गूळ हे प्रमाण सुरुवातीला धरा. कोमट पाण्यात कालवून झाकून ठेवा आणि दिवसातून एक-दोनदा हळू ढवळा. वर तांब्यासारखी साय आणि खाली पिवळट-हिरवं पाणी दिसलं की रांजण तयार. दक्षिणेत गुळाच्या जागी टाकळ्याचं बी शिजवून घालतात. टाकळा आपल्याकडे पावसाळ्यात रस्तोरस्ती माजतो, आपण त्याची भाजी खातो आणि बी वाया घालवतो. इथल्या रंगाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. निळीच्या कापडाला आधी हिरडा-तुरटी लागत नाही, आच लागत नाही, एकच रांजण महिनोन्‌महिने चालतो. तेव्हा नीळ लांबून आणावी लागली तरी पाणी आणि जळणाच्या हिशेबात ती बरी पडते. चुना डोळ्यांत गेला तर दुखापत होते. चष्मा हवाच.

विकण्याआधी तपासा

प्रत्येक रंगाची पट्टी घ्या, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत पंधरा दिवस लावा. दोन अर्ध्यांत ढळढळीत फरक दिसला तर तो रंग विकायचा नाही. दुसऱ्या पट्टीला पांढरं कापड शिवून साबणाने धुवा, पांढऱ्याला डाग लागतो का पाहा. तिसऱ्यावर लिंबू पिळा, कारण जेवताना ते होणारच आहे.

प्रत्येक घाण्याचा नमुना वहीत टाचा. सोबत तारीख, कापड, वजनं, पाणी कुठलं, हवामान. सहा महिन्यांनी दुकानदार ‘तसाच मोहरी’ मागेल तेव्हा ही वही उपयोगी पडते. तरीही हुबेहूब तोच येणार नाही, आणि ते त्याला ऑर्डर घेतानाच सांगा.

किंमत

एक कल्पित हिशेब मांडतो, आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला. पाच किलो म्हणजे दोनशे ग्रॅमचे २५ दुपट्टे. कापड नगाला २५० रुपये. दोन माणसांचे तीन-तीन दिवस, रोजी ५०० धरली तर ३,००० रुपये, म्हणजे नगाला १२०. हिरडा, तुरटी, रंग ३०. जळण-पाणी २०. झाले ४२०. दहातला एक डागी निघतो असं धरा, तर चांगल्या नगाचा खर्च ४६७ वर जातो. जागा, प्रवास, पाकीट यांचे १०० धरून ५६७. थोडा नफा ठेवून ६५०.

इथे बहुतेक जण थांबतात आणि प्रदर्शनात ६५० ला विकतात. मग पुण्यातलं दुकान ४० टक्के मागतं तेव्हा पायाखालची जमीन सरकते. दुकानाला ४० टक्के देऊन हातात ६५० यायला छापील किंमत १,०८० च्या आसपास हवी, आणि प्रदर्शनातही तीच ठेवावी लागते. नाहीतर दुकानदार पुन्हा उभं करणार नाही. १,०८० ला दुपट्टा जात नसेल तर रुमाल, झोळ्या, उशीचे अभ्रे असा लहान माल काढा. मजुरी कापू नका. मालकीणबाईची स्वतःची रोजीही यात धरायची. ती न धरल्यामुळेच अनेक घरगुती धंदे नफ्यात ‘दिसतात’.

मजुरी सुरुवातीला रोजावर द्या, नगावर नको. नगावर दिली की पातेल्याजवळचा तास पाऊण तास होतो.

कुठे आणि काय सांगून विकायचं

बचत गट असाल तर ‘उमेद’ (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा ‘माविम’च्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) जवळच्या कार्यालयात नाव नोंदवा, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांचा रस्ता तिथून जातो. पुण्यात डिसेंबरमधली भीमथडी जत्रा अशा मालाला चांगली. शिकायचं असेल तर वर्ध्याला मगन संग्रहालयात जाऊन या. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं आणि कोरडवाहू कापसापासून नैसर्गिक रंगाच्या खादीपर्यंतचं काम तिथे बघायला मिळतं.

पाटीवर शब्द जपून लिहा. ‘केमिकल-फ्री’ लिहू नका, तुरटी हेही रसायनच आहे. ‘खादी’ हा शब्द २०१३ च्या खादी मार्क नियमांमुळे प्रमाणपत्राशिवाय वापरता येत नाही. हातमागाचं कापड असेल तर विणकर संस्थेकडून हँडलूम मार्कचा माल घ्या. त्याऐवजी साधं लिहा: कापड कुठलं, रंग कशाचा, हिरडा कुठल्या गावचा. सोबत धुण्याची चिठ्ठी द्या. रिठा किंवा साधा साबण, सावलीत वाळवणं, लिंबू-चिंचेचा डाग पडला तर लगेच पाणी.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत होते, तिचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात किंवा ऑनलाइन विकायला निघालात की नियम बदलतात, तेव्हा हिशेबनिसाला विचारून घ्या.

आणि एक सेवा पहिल्या वर्षापासून चालू ठेवा: विटलेला दुपट्टा परत आणून दिला तर थोड्या पैशांत पुन्हा रंगवून देणं. विटलेला पिवळा हिरड्यात आणि हिराकसात बुडवला की छान राखाडी होतो, नवं कापड लागत नाही, आणि तीन वर्षं वापरलेला माल हातात आल्यामुळे आपला कोणता रंग खरंच टिकला हे कळतं. त्याची नोंद त्याच नमुन्याच्या वहीत, मूळ पट्टीच्या शेजारी करा.